पीडीएफ बिलं थेट डेटाबेसमध्ये: कोड न लिहिता केलेली जोडणी

आमच्या विभागात पुरवठादारांची बिलं ईमेलवर पीडीएफ म्हणून येतात. ती उघडायची, आकडे वाचायचे आणि डेटाबेसच्या फॉर्ममध्ये टाइप करायचे, हे काम आम्ही बरीच वर्षं हाताने करत होतो. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तरीही आता यातलं बहुतेक काम आपोआप होतं. ते कसं जमलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण या विषयावरचे बरेच व्हिडिओ दोन चौकोन रेषेने जोडून दाखवतात आणि तिथेच थांबतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

साधन निवडताना मी झॅपिअर, मेक आणि एनएटएन (n8n) ही वेगवेगळ्या सेवा एकमेकींना जोडणारी तिन्ही साधनं पाहिली. तिघांचं तत्त्व एकच: काहीतरी घडलं की ट्रिगर होतो आणि पुढच्या पायऱ्या ओळीने चालतात. फरक मोजणीत आहे. झॅपिअरमध्ये यशस्वी झालेली प्रत्येक कृती एक टास्क धरली जाते, मेकमध्ये मोजणी मुख्यतः मॉड्यूल (म्हणजे एकेक पायरी) किती वेळा चालला यावर होते, तर एनएटएनच्या क्लाउडवर अख्खा वर्कफ्लो (सगळ्या पायऱ्यांची साखळी) एकदा चालला की एक मोजला जातो. आमच्या एकेका बिलात चाळीस-चाळीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळ डेटाबेसमध्ये वेगळी जाते, त्यामुळे मी एनएटएन घेतलं. ज्यांच्याकडे एका कागदाची एकच नोंद होते, त्यांना झॅपिअर नक्कीच सोपं पडेल.

कागद वाचायचं काम वेगळ्या पार्सरकडे, म्हणजे पीडीएफमधून आकडे उचलणाऱ्या सेवेकडे दिलं. त्याने आम्हाला एक ईमेल पत्ता दिला. बिलांच्या मेलबॉक्समध्ये फॉरवर्डचा नियम लावला, की पीडीएफ आपोआप तिकडे पोचते आणि वाचून झालं की निकाल वेबहुकवरून (एका सेवेने दुसरीला आपोआप माहिती पाठवायच्या वेब पत्त्यावरून) एनएटएनकडे येतो. इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. एनएटएनच्या वेबहुकला दोन पत्ते असतात, एक चाचणीचा आणि एक प्रत्यक्ष वापराचा. चाचणीचा पत्ता आपण ‘ऐकत राहा’ म्हटलेलं असतानाच चालतो. पार्सरमध्ये शेवटी दुसरा पत्ता भरायचा आणि वर्कफ्लो चालू अवस्थेत ठेवायचा. चाचणीत आलेला एक नमुना पिन करून ठेवला की पुढच्या पायऱ्या बांधताना दरवेळी नवं बिल पाठवावं लागत नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ याच सोयीने वाचला.

पीडीएफ दोन जातींच्या असतात. संगणकावर तयार झालेल्या फाइलमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच असतो, माउसने निवडता येतो. स्कॅन केलेली फाइल हा नुसता फोटो, तिला ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं तंत्र लागतं. ओसीआरमध्ये शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची अदलाबदल होते, आणि नेमकी बिल क्रमांकात होते. म्हणून कोणतं बिल कोणत्या प्रकारचं होतं, याचा एक कॉलम मी पहिल्यापासून ठेवला. पुढे चुका शोधताना त्याचा फार उपयोग झाला.

यानंतर फील्ड मॅपिंग. डावीकडच्या निकालातलं नाव ओढून उजवीकडच्या कॉलमवर सोडायचं, एवढंच ते दिसतं. पण प्रत्येक ठिकाणी एक निर्णय घ्यावा लागतो. बिल क्रमांक हा मजकूर आहे, आकडा नाही, कारण आकडा म्हटलं की ‘००४५’ चा ‘४५’ होतो आणि पुरवठादाराच्या हिशेबाशी मेळ बसत नाही. ‘०३/०४’ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे कागदावरून ठरत नाही, पुरवठादारावरून ठरतं. त्यामुळे पुरवठादारांच्या टेबलमध्येच ‘तारखेची पद्धत’ असा कॉलम केला आणि डेटाबेसमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने जाईल असं बघितलं. रकमेतला स्वल्पविराम काही ठिकाणी हजार वेगळे करतो, काही ठिकाणी दशांश दाखवतो. तोही तसाच सोडवला. हे सगळं आधी कागदावर लिहून काढलं. कोणता कॉलम, कोणत्या प्रकारचा, रिकामा चालेल का, आणि वाचता आला नाही तर काय करायचं. माझ्या मते त्या तक्त्याने जितकं काम केलं तितकं कुठल्याही साधनाने केलं नाही.

डेटाबेस पोस्टग्रेस. तो सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने मला या कामापुरता वेगळा युजर करून दिला: नेमकी टेबलं वाचायची, त्यात भरायचं, सुधारायचं. खोडायचा अधिकार नाही. कुणी मुख्य पासवर्डच देऊ करत असेल तर घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

आणि बिलं थेट मुख्य टेबलमध्ये जात नाहीत. आधी एका ‘आवक’ टेबलमध्ये उतरतात, तिथे तपासली जातात आणि मगच पुढे सरकतात. तपासणी साधी आहे: ओळींची बेरीज अधिक कर बरोबर एकूण रक्कम येते का. बरोबरी तंतोतंत मागायची नाही, पूर्णांकनाचा बारीकसा फरक चालू द्यायचा, नाहीतर चांगली बिलंही अडकतात. पार्सर प्रत्येक फील्डसोबत स्वतःच्या खात्रीचा गुणांकही देतो, पण मी केवळ त्यावर विसंबत नाही. एका लांबलचक बिलात पहिल्या पानाच्या तळाशी ‘पुढील पानावर’ म्हणून आलेली बेरीज पार्सरने एकूण रक्कम म्हणून उचलली. आकडा स्वच्छ छापलेला, त्यामुळे गुणांकही उत्तम. अक्षरं बरोबर वाचली, जागा चुकीची. बेरजेच्या तपासणीने ते लगेच पकडलं.

दुबार नोंदी हा सगळ्यात जिकिरीचा भाग. पुरवठादार आठवण म्हणून तेच बिल पुन्हा पाठवतात आणि यंत्राला ते नवंच वाटतं. यावर पुरवठादार आणि बिल क्रमांक यांची मिळून एक युनिक की (दोनदा येऊ न शकणारी ओळख) केली आणि पोस्टग्रेसच्या नोडमध्ये, म्हणजे एनएटएनमधल्या पायरीत, नुसत्या ‘इन्सर्ट’ऐवजी ‘इन्सर्ट ऑर अपडेट’ निवडलं. म्हणजे नोंद नसेल तर भर, असेल तर सुधार. ओळींच्या टेबलमध्ये ओळ क्रमांकही या कीमध्ये घ्यावा लागतो. तो नसेल तर एकाच बिलाच्या ओळी एकमेकींवर लिहिल्या जातात. हा नियम मात्र आवक टेबलपुरताच. मुख्य टेबलमधलं मंजूर झालेलं बिल यंत्राने परस्पर बदललेलं मला चालणार नाही. तिथे तोच क्रमांक पुन्हा आला तर तो माणसाकडे जातो.

बिल आधी, ओळी नंतर हा क्रम फॉरेन कीमुळे (ओळ ज्या बिलाची, ते बिल आधी असलंच पाहिजे या डेटाबेसच्या नियमामुळे) ठरलेलाच असतो. पण हे दोन वेगळे नोड असल्याने मधेच जोडणी तुटली तर बिल आहे आणि ओळी अर्ध्या, अशी अवस्था होऊ शकते. म्हणून प्रत्येक बिल ‘अपूर्ण’ या स्थितीत भरलं जातं आणि ओळींची संख्या जुळल्यावरच ‘पूर्ण’ होतं. अपूर्ण बिल कुठल्याही अहवालात येत नाही. नोडच्या सेटिंगमध्ये अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करायची सोय आहे, ती चालू केली. तरीही बिघडलं तर वेगळा एरर वर्कफ्लो विभागाच्या पत्त्यावर मेल टाकतो, त्यात फाइलचं नाव आणि कुठल्या पायरीवर अडलं ते असतं. शिवाय रोज संध्याकाळी पार्सरकडे आलेल्या फाइल आणि आवक टेबलमधल्या नोंदी यांची संख्या ताडून पाहिली जाते, कारण जे पोचलंच नाही त्याचा एरर कुठून येणार?

अडकलेल्या बिलांसाठी एक वेगळी यादी आहे. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वाचलेले आकडे, आणि शंका असलेलं फील्ड रंगवलेलं. आधी दिवसभर टाइप करणारी माझी सहकारी आता ही यादी बघते. कोणता पुरवठादार कराची रक्कम कुठे लिहितो हे तिला तोंडपाठ आहे, आणि पार्सरचे कितीतरी नियम तिच्याच सांगण्यावरून सुधारले. अशा जाणकार माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

क्रेडिट नोट (आधीच्या बिलातली रक्कम कमी करणारा पुरवठादाराचा कागद) मात्र अजून आम्ही हातानेच भरतो. तिच्यावर स्वतःचा क्रमांक असतो आणि मूळ बिलाचाही, पार्सर कधी हा उचलतो तर कधी तो, आणि चुकून मूळ क्रमांक उचलला की वरचा ‘असेल तर सुधार’ हा नियम आवक टेबलमधल्या मूळ बिलावरच लिहू लागेल. म्हणून शीर्षकात ‘क्रेडिट’ दिसलं की ती फाइल पहिल्याच पायरीवर बाजूला निघते. त्यांच्यासाठी वेगळं टेबल आणि पार्सरमध्ये वेगळा साचा करायचं काम सध्या सुरू आहे.