बॅटरी पेटी, नोंद ३: १८६५० वरून २१७०० वर

मागच्या नोंदीतली चार सेलची पेटी १८६५० (साधारण १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबीचे लिथियम सेल) साठी होती. आता २१७०० (साधारण २१ मिमी व्यास, ७० मिमी लांबी) सेल हाती आलेत. फ्रीकॅड या थ्रीडी आराखड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी मापं स्प्रेडशीटला बांधली होती ती याच दिवसासाठी. वेष्टनासकट व्यास १८.५ चा २१.५ केला, लांबी ६५ ची ७०. भोक म्हणजे व्यास अधिक ०.५ आणि भिंती २ मिमीच्या, त्यामुळे रुंदी ८६ वरून आपोआप ९८ मिमी झाली. झाकण, खोबणी, सेल जोडणाऱ्या निकेल पट्टीची जागा, सगळं सोबत सरकलं. हे बघायला मला अजूनही पहिल्या दिवसाइतकंच आवडतं.

पण फिलेटवर, म्हणजे कडेला दिलेल्या गोलाईवर, चुकीची लाल खूण आली. शोधायला पूर्ण संध्याकाळ गेली. हवेच्या फटींची संख्या मी लांबीवरून काढली होती, दर १० मिमीला एक. ६ च्या ७ झाल्या. एक फट वाढली की नव्या कडा आल्या, आणि कडांचे व पृष्ठभागांचे क्रमांक पुढे सरकले. फिलेट ज्या क्रमांकाच्या कडेवर होता, तो आता फटीच्या कडेला मिळाला होता. फिलेटने निदान चूक दाखवली. स्क्रूच्या भोकांचं स्केच मात्र गुपचूप भलत्याच भिंतीवर जाऊन बसलं. ते मला स्लायसरमध्ये, म्हणजे छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसलं.

फाइल फ्रीकॅड ०.२१ मधली होती. नोव्हेंबर २०२४ च्या १.० मध्ये कडा-पृष्ठभागांच्या या क्रमांकांच्या (नावांच्या) गोंधळावर मोठा उपाय आला आहे, तो जरूर घ्या. तरी मी रचनाच बदलली. कोपऱ्यांची गोलाई आता मूळ स्केचमध्येच आहे, म्हणजे कड निवडायची वेळच येत नाही. स्क्रूचं स्केच पृष्ठभागाऐवजी डेटम प्लेनवर (स्वतंत्र संदर्भ-प्रतलावर) आहे, त्याचं अंतर स्प्रेडशीटमधून येतं. फटी मॉडेलच्या झाडात, म्हणजे कृतींच्या यादीत, सर्वांत शेवटी.

बिजागरीसाठी केलेले नऊ पॅरामीटर काढून टाकले. वर्षभरात त्यातला एकही बदलला नव्हता, आणि प्रत्येक बदलाआधी ते समजून घेण्यात वेळ जात होता. हाताच्या पकडीचा आकारही स्केच-पॅडने (स्केचला जाडी देऊन) जमत नाहीये, वक्र ओढावा तसा हलत नाही. तो ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घडवतोय.

नवी पेटी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापली. सेल हलक्या दाबाने बसतात, चौथा थोडा घट्ट आहे. पुढच्या छपाईत ०.५ चं ०.६ करून बघतो.