वॉल्डनकाठची सकाळ

आज सकाळी बॉस्टनहून कॉन्कॉर्डला जाऊन वॉल्डन तळ्याला प्रदक्षिणा घातली. अमेरिकन लेखक आणि विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी ज्या झोपडीत राहायला आला, ती आता नाही. जागा दाखवणारे दगडी खांब आहेत आणि शेजारी त्याच्या चाहत्यांनी वाहिलेल्या दगडांची रास आहे. १० बाय १५ फुटांची ती खोली आमच्या स्वयंपाकघराएवढीच भरते, याचे हसू आले. त्याच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकाच्या दुर्गाबाई भागवतांनी केलेल्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या अनुवादामधून मनात बसलेले तळे मात्र याहून पुष्कळ मोठे होते.

कर नाकारून त्याने तुरुंगात काढलेली रात्र आणि त्यावरचा निबंध गांधीजींपर्यंत पोहोचला, हे सर्वश्रुतच आहे. मला आज अधिक भावल्या त्या त्याच्या नोंदी. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, हे तो वर्षानुवर्षे टिपत राहिला, आणि त्याच तारखांशी हल्लीचा बहर ताडून बॉस्टन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हवामानबदलामुळे येथील फुले आता लवकर उमलतात, हे दाखवून दिले. काठावरच्या ब्लूबेरीच्या झुडपाला घंटेसारखी बारीक पांढरी फुले लागली होती. वाकून पाहिली आणि फोनमध्ये तारीख लिहून ठेवली. तेवढ्यात झाडीपलीकडून आगगाडी धडधडत गेली, त्याच्या काळीही जात असे तशी.