ठोकळा, उतार आणि ज्यूलचा हिशोब

यांत्रिकीची गणितं मी बराच काळ फक्त न्यूटनच्या दुसऱ्या नियमानं सोडवायचे. फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र) काढायचा, बलांचे घटक पाडायचे, आधी त्वरण, मग वेग. सरळ उतारावर हे छान जमतं. उतार वळणाचा असला की त्वरण क्षणाक्षणाला बदलतं आणि हिशोब आवरता आवरत नाही. तिथूनच मी ऊर्जेच्या वाटेला लागले.

आता गणित हातात आलं की आधी बघते, वेळ विचारलीय का? नसेल आणि वेग, उंची किंवा अंतर हवं असेल, तर ऊर्जाच. मग सुरुवातीची आणि शेवटची स्थिती ठरवते आणि एकेका बलाची चौकशी करते: हे कार्य करतंय का, म्हणजे ठोकळा सरकताना त्याला ऊर्जा देतंय किंवा त्याच्याकडून घेतंय का? उताराचं लंब बल (पृष्ठभाग ठोकळ्याला देतो तो आधार) विस्थापनाला काटकोनात, म्हणून शून्य. गुरुत्व आणि स्प्रिंग स्थितिज ऊर्जेत, म्हणजे स्थितीमुळे साठलेल्या ऊर्जेत येतात. उरतं घर्षण, त्याचं कार्य वेगळं मांडायचं. अर्धं गणित या चौकशीतच सुटतं.

माझी खात्री पटली ती पुढच्या गणितानं. 2 किलोग्रॅमचा ठोकळा 1.8 मीटर उंचीवरून, वळणाच्या गुळगुळीत उतारावरून सुटतो. खाली 1.5 मीटरचा खडबडीत पट्टा, घर्षण गुणांक 0.3. पलीकडे गुळगुळीत जमिनीवर स्प्रिंग, तिचा स्थिरांक 1350 न्यूटन प्रति मीटर. गुरुत्वीय त्वरण 10 धरलं तर सुरुवातीला ऊर्जा 2 गुणिले 10 गुणिले 1.8, म्हणजे 36 ज्यूल. घर्षण बल 6 न्यूटन, म्हणजे पट्टा ओलांडताना दर खेपेला 9 ज्यूल जाणार. स्प्रिंगपाशी 27 पोचतात आणि ती 20 सेंटीमीटर दबते. परतीच्या खेपेनंतर 18 उरतात, ठोकळा 0.9 मीटर चढतो. शेवटी थांबतो कुठे? 36 भागिले 6, खडबडीत वाट एकूण 6 मीटर. पट्ट्याच्या बरोबर चार खेपा, मुक्काम उताराच्या पायथ्याशी. उताराचा आकार एकदाही लागला नाही! याचा मला आजही आनंद होतो.

ऊर्जा एकटी पुरत नाही अशीही गणितं आहेत. उभ्या वर्तुळाकार रुळावर आतून घसरणारा ठोकळा घ्या. नुसती ऊर्जा पाहिली तर त्रिज्येच्या दुप्पट उंचीवरून सोडला की फेरी पूर्ण झाली असं वाटतं. पण माथ्यावर रूळ सुटू नये यासाठी तिथे वेगाचा वर्ग किमान गुरुत्वीय त्वरण गुणिले त्रिज्या इतका हवा, आणि ही अट न्यूटनच देतो. दोन्ही जोडलं की उंची अडीचपट येते.

टांगलेल्या स्प्रिंगला वजन लावून अचानक सोडलं, तर ती हळूहळू सोडल्याच्या दुप्पट ताणते. इथे हाताला विसरून चालत नाही. हळूहळू सोडताना हात वर आधार देतो आणि वजन खाली जातं, म्हणजे हाताचं कार्य ऋण. गुरुत्वानं केलेल्या कार्यातला अर्धा भाग तोच काढून घेतो, स्प्रिंगमध्ये साठतो तो उरलेला अर्धा.