पद्धतीच्या प्रकरणात विजेचाही हिशेब हवा

एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रांवर काम करणाऱ्यांची कामाची रीत गेल्या काही वर्षांत पुरती पालटली आहे. १८९६-९७ च्या दुष्काळाविषयी त्या काळच्या पत्रांनी काय लिहिले हे पाहायचे, तर पूर्वी ग्रंथालयात बसून जीर्ण फायली पान-पान चाळाव्या लागत. आता स्कॅन केलेले अंक घरबसल्या उघडतात आणि ज्यांचे ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातील अक्षरे यंत्राने ओळखून मजकुरात उतरवणे, झाले आहे त्यांत शब्द टाकून शोधताही येते. या सोयीचे ऋण मी मनापासून मानतो. मात्र प्रबंधातील संशोधनपद्धतीच्या प्रकरणात आपण या साधनांविषयी जे चार शब्द लिहितो, त्यांत साधनाला काय वाचता येत नाही आणि ते कोणाच्या जिवावर चालते, या दोन गोष्टी बहुधा राहूनच जातात.

पहिल्या गोष्टीचे उदाहरण अगदी साधे आहे. देवनागरीत शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, जुन्या छपाईत शाई पसरलेली असते आणि छापायच्या अक्षरांचे खिळे झिजलेले असतात. अशा पानावर यंत्र ‘ष’चा ‘प’, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘ब’चा ‘व’ सहज करते. ‘दुष्काळ’ हा शब्द ‘दुप्काळ’ म्हणून नोंदला गेला, तर तो शोधणाऱ्याच्या हाती शून्य लागते आणि निबंधात ‘उल्लेख आढळत नाही’ असे वाक्य येते. प्रत्यक्षात त्याच अंकात धान्याचे भाव, सारामाफीची मागणी आणि रिलीफच्या कामांवरील मजुरी यांविषयी रकानेच्या रकाने असू शकतात. म्हणून काही अंक संपूर्ण वाचावेत, यंत्राच्या नजरेतून किती उल्लेख निसटले ते मोजावे आणि ते प्रमाण निबंधात छापावे, असा माझा आग्रह आहे. शोधाचे शून्य म्हणजे इतिहासातले शून्य नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, कारण ती पडद्यावर दिसतच नाही. ए-फोर आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके या रेझोल्यूशनवर) स्कॅन केले, तर संकोचन न करता ठेवलेली फाइल सुमारे २६ एमबीची होते; तेच पान ६०० डीपीआयवर घेतले की ती १०४ एमबीची होते, म्हणजे थेट चौपट. त्यावर सुरक्षिततेसाठी दोन-तीन प्रती ठेवणे आलेच. फाटक्या, बारीक टायपाच्या पानांना जास्त रेझोल्यूशन लागते, हे मान्य. पण स्वच्छ छपाईच्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकालाही स्कॅनिंगच्या निविदेत सरसकट तीच अट घातली जाते, तेव्हा हा निर्णय केवळ तांत्रिक राहत नाही. त्या फाइली वर्षानुवर्षे कुठल्या तरी सर्व्हरवर राहणार आणि त्या सर्व्हरला वीज व थंडावा अखंड लागणार असतो.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्याही पुढे जाईल. आपल्याकडे अशी बरीच केंद्रे नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकवटली आहेत. ग्रिडमधली कोणती वीज कुठून आली हे वेगळे काढता येत नाही, परंतु राज्याच्या विजेचा मोठा भाग आजही कोळशाचा आहे आणि चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी पूर्व विदर्भातली वीज पश्चिमेकडे वाहून आणते. चंद्रपूरचा समावेश २००९ मध्येच देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाला होता. परळीचे औष्णिक केंद्र तर २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. दुष्काळाचा अभ्यास ज्या विजेवर चालतो, तिलाही पाणी लागते, हे अभ्यासकाने नजरेआड करू नये.

माणसांचे श्रमही यात आहेत. ओसीआर सुधारायचे, तर कोणाला तरी हजारो ओळी डोळ्यांत तेल घालून टंकित कराव्या लागतात, आणि मोडीच्या बाबतीत तर जाणकार वाचकच मोजके. निबंधात सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती येते. ही माणसे ऋणनिर्देशातही क्वचितच असतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: करमणुकीचे व्हिडिओ आणि मोठमोठी एआय प्रारूपे यांच्यापुढे मराठीच्या चार अभ्यासकांचा वापर तो किती? खरेच थोडा आहे. पण आम्ही सनावळीतील एका दिवसाच्या फरकावरून वाद घालणारी माणसे आहोत. साधनाच्या किमतीबाबतच ‘किरकोळ’ म्हणून थांबणे मला पटत नाही. शिवाय छोट्या साधनाने काम भागते का, हे पाहण्याची सवय त्यामुळे लागते. शब्दांची वारंवारता मोजायला साध्या लॅपटॉपवरचा वीस ओळींचा प्रोग्राम पुरतो, तिथे दूरच्या सर्व्हरवरील प्रारूपाला प्रत्येक पान पाठवण्याचे कारण नाही.

माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता पद्धतीच्या प्रकरणात रेझोल्यूशन व ते निवडण्याचे कारण, साठवणीचा आकार, प्रतींची संख्या, प्रक्रिया कोणत्या यंत्रावर किती तास चालली आणि टंकलेखन कोणी, किती मोबदल्यात केले, हे लिहायला सांगतो. विजेचा नेमका आकडा बहुतेकदा मिळत नाही, कारण सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या तो प्रत्येक ग्राहकाला वेगळा काढून देतातच असे नाही. ग्रंथालये आणि विद्यापीठे करार करताना ही माहिती मागू शकतात, आणि पुढच्या निविदेत ती अट आताच घालून ठेवता येईल.