उपवासाचा हिशोब

बुधवार

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रिवाजाप्रमाणे आज उपवासाचा वार. आपल्याकडे ख्रिस्ती घरात उपवास म्हटलं की लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आठवतं, फार तर शुभ शुक्रवार. वर्षभर, दर आठवड्याला, ठरलेल्या दोन वारी उपवास करणं ही मंडळीची अगदी जुनी सवय होती, हे फारसं कुणी बोलत नाही.

लेखी पुरावा ‘दिदाखे’ या छोट्या पुस्तिकेत आहे. बारा प्रेषितांची शिकवण म्हणून ती ओळखली जाते आणि पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची धरली जाते. तिची 1056 साली लिहिलेली प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये 1873 मध्ये सापडली आणि 1883 मध्ये छापली गेली. त्यात वार सांगितले आहेत: बुधवार आणि शुक्रवार. कारण दिलंय ते जरा खट्याळ आहे. ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, तुम्ही त्या दिवशी करू नका! लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपवास करत असल्याचं देवाला ऐकवतो, तोच हा रिवाज. बुधवार येशूला धरून देण्याचा आणि शुक्रवार वधस्तंभाचा, हे स्पष्टीकरण पुढच्या काळातल्या लिखाणात येतं.

वेळेचं गणित सोपं होतं. सकाळपासून नवव्या तासापर्यंत, म्हणजे साधारण दुपारी तीनपर्यंत काही खायचं नाही, मग साधं जेवण. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सन 200 च्या आगेमागे हीच सर्वसाधारण वहिवाट सांगतो. मंडळीत गुलाम होते, हमाल होते, विणकर होते. दिवसभर राबणाऱ्याला झेपेल एवढाच हा उपवास होता. वल्हांडणाआधीच्या, म्हणजे आजच्या ईस्टरआधीच्या, दोन दिवसांच्या कडक उपवासातही गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर एकच दिवस, तोही भाकर-पाण्यावर, अशी सूट होती. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने त्याच समजुतीने वागावं आणि आधी डॉक्टरांना विचारावं.

पण उपवासाचं खरं अंग पुढे आहे. दुसऱ्या शतकातल्या रोममध्ये हर्मास नावाच्या माणसाने कृती लिहून ठेवली आहे. आधी वाईट शब्द आणि वाईट इच्छा आवर. उपवासाच्या दिवशी भाकर आणि पाणी यापलीकडे काही चाखू नकोस. मग त्या दिवशी तू जे जेवला असतास त्याची किंमत काढ, ती रक्कम बाजूला ठेव आणि विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. त्याच शतकात अथेन्सचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ अरिस्तिदेस रोमी सम्राटाला सांगतो, की ख्रिस्ती लोकांत कुणी गरीब असला आणि यांच्याकडे द्यायला शिल्लक नसली तर हे दोन-तीन दिवस उपवास करून त्याचं अन्न भागवतात.

म्हणजे उपाशी राहण्याला एक हिशोब जोडलेला होता. तो सुटला की काय होतं हे आपण मराठी माणसांना कुणी शिकवायला नको. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपलीच. साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, केळी, वर खजूर, असा उपवास रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा महाग पडतो. हर्मासच्या रीतीने तो उपवासच नाही, कारण दानाच्या डब्यात टाकायला काही उरलेलं नसतं.

आजच्या घरात करायचं तर असं. चौघांचं घर, दुपारचं जेवण माणशी 50 रुपये धरलं, तर एका दुपारचे 200, दोन दुपारींचे 400, चार आठवड्यांचे 1600 रुपये. लहान मुलं जेवणार असतील तर त्यांचा वाटा वजा करा. रक्कम त्याच दिवशी डब्यात पडली पाहिजे. महिनाअखेरीला एकदम टाकू म्हटलं की ती किराण्यात जिरते. आणखी एक चूक नेहमीची: संध्याकाळी हॉटेलात जाऊन भरपाई करणं.

गुरुवार

प्रार्थनेबद्दल दिदाखे एका वाक्यात आटपतं. प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिकवलेली, दिवसातून तीनदा म्हणा. टर्टुलियन तास सांगतो, तिसरा, सहावा आणि नववा. म्हणजे सकाळी नऊ, दुपारी बारा, दुपारी तीन. लांबण नाही. कामाच्या मधे जमेल एवढंच, आणि म्हणूनच ते टिकलं असावं.

शुक्रवार

डबा कुठे रिकामा करायचा?

प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे आपल्याजवळ जमवून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करायला नकोत. सुमारे 155 साली रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की सुस्थितीतले लोक आपल्या इच्छेप्रमाणे देतात, रक्कम सभा चालवणाऱ्या अध्यक्षाकडे जमा होते आणि तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांची काळजी घेतो. टर्टुलियनच्या कार्थेजमध्ये महिन्याच्या एका दिवशी लहानसं नाणं टाकायची रीत होती, इच्छा असेल आणि ऐपत असेल तर. गरिबांचं जेवण आणि त्यांचं दफन, आईबाप नसलेली मुलं, घरीच पडून असलेले म्हातारे, जहाज फुटून नाडलेले, खाणींत आणि बेटांवर शिक्षा भोगणारे, अशी खर्चाची यादीच तो देतो. मेजवान्या आणि दारूचे अड्डे यांच्यावर हा पैसा जात नाही, हेही बजावतो. जस्टिन आणि टर्टुलियन यांच्या या वर्णनांत दशांशाचा, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या भागाचा, आकडा नाही. आपल्याकडे दशांशावर इतकी प्रवचनं होतात, म्हणून नोंदवून ठेवतो.

पैसे परत करण्याचाही दाखला आहे. मार्सियन नावाच्या माणसाने रोमच्या मंडळीला दोन लाख सेस्टर्स (रोमी नाणी) दिले होते. शिकवणीवरून 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढलं, तेव्हा ती रक्कमही परत केली. देणगीदाराला दुखवायचं नाही म्हणून शिकवण वाकवायची, ही सोय तिथे नव्हती.

आणि सगळं रोखीतच नसायचं. 303 साली रोमी सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, त्यात उत्तर आफ्रिकेतल्या किर्ता गावी सरकारी माणसांनी मंडळीच्या घरावर जप्ती आणली. त्या पंचनाम्यात सोन्याचे 2 आणि चांदीचे 6 प्याले आहेत, पण माझं लक्ष खालच्या ओळींवर जातं: बायकांचे 82 अंगरखे, डोक्यावरून घ्यायची 38 वस्त्रं, पुरुषांचे 16 अंगरखे, पुरुषांच्या पायताणांचे 13 जोड, बायकांचे 47. जेवणघरात मोठे रांजण 4 आणि घडे 6. हे कोठार होतं. कपड्यांत बायकांचं प्रमाण एवढं का, याचं कारण मंडळीच्या आधारावरच्या विधवा हे असावं. 251 साली रोमचा बिशप कर्नेलियस याने लिहिलं की आपल्या मंडळीच्या आधारावर विधवा आणि गरजू मिळून दीड हजारांहून जास्त लोक जगत आहेत.

शनिवार

उद्या सभा, म्हणून आज भांडणं मिटवायची. दिदाखेचा नियम कडक आहे. ज्याचं सोबत्याशी वितुष्ट आहे त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडायला, म्हणजे प्रभुभोजनाला, येऊ नये.

नियम करणं सोपं. तो चालवायला वेळ लागतो. तिसऱ्या शतकातल्या सीरियाच्या मंडळीने त्यावर चांगली तोड काढली. आपसातल्या तक्रारींचा निवाडा सोमवारी करायचा. कुणाला निकाल पटला नाही तर शनिवारपर्यंत बोलणी करायला पाच दिवस मिळतात आणि रविवारी दोघंही एका मेजाशी येऊ शकतात. आपल्याकडे बहुतेक वेळा तक्रार निघते ती रविवारी, उपासनेनंतर, चर्चच्या पायरीवर. सगळे घाईत, अर्धे उपाशी. त्या वेळी काढलेलं भांडण मिटत नाही, फक्त आणखी चार जणांना कळतं.

रविवार

आज उपवास करायचा नाही. टर्टुलियनच्या काळी रविवारी उपवास करणं आणि गुडघे टेकणं दोन्ही गैर मानत. येशूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी प्रार्थना उभ्याने. 325 साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने उभं राहण्याचा हा नियम लिहूनच टाकला.

रविवारची सुट्टी मात्र नव्हती. ती सम्राट कॉन्स्टंटाईनने 321 साली दिली. त्याआधीची अडीचशेहून जास्त वर्षं रविवार कामाचाच दिवस होता, म्हणून सभा पहाटे किंवा अंधार पडल्यावर. सुमारे 112 साली रोमी सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात आणि चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, मागितलेली ठेव नाकारणार नाही अशी शपथ घेतात. मग पांगतात आणि पुन्हा जेवायला जमतात, जेवण साधंच. यात खरं किती हे पडताळण्यासाठी त्याने मंडळीतल्या दोन सेविकांना, दोघीही गुलाम, यातना दिल्या होत्या.

करिंथमध्ये याच जेवणाचा विचका झाला. रोमी घराच्या जेवणघरात तीन कोच, त्यावर साधारण नऊ माणसं. सवडीचे लोक लवकर येऊन तिथे बसत असावेत, स्वतः आणलेलं खात-पीत. मालकाचं काम संपवून गुलाम येईपर्यंत एक भुकेला आणि दुसरा झिंगलेला. पौलाचा उपाय एका ओळीचा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. घरात मंडळी भरवणाऱ्यांनी हे आधी ठरवावं. सगळ्यात उशिरा सुटणारा किती वाजता येतो ते विचारून तीच वेळ धरावी, आणि वाढायला सुरुवात तो आल्यावर.

सभेचा क्रम जस्टिनकडून घ्यावा. प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमानं) किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात; मग अध्यक्षाचा बोध; मग सगळे उभे राहून प्रार्थना; मग भाकर, आणि द्राक्षारस पाण्यासह. अध्यक्ष आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवतात. हा शेवटचा भाग सगळ्यात सहज गळतो. पहिल्या मंडळीसारखं घरात जमायचं म्हणून सतरंजी अंथरतात, गोल करून बसतात, पण जी म्हातारी तिसऱ्या मजल्यावरून उतरू शकत नाही तिच्याकडे कोण जाणार हे ठरलेलं नसतं. दारात शिरतानाच दोन जणांची नावं ठरवावीत.

सोमवार

प्रवाशाबद्दलचा नियम राहिला होता. ही मंडळी दार उघडं ठेवायची, आणि उघड्या दाराचा गैरफायदा घेणारेही तेव्हा होतेच. दिदाखेची मोजमापं अशी: फिरता प्रेषित, म्हणजे गावोगाव जाणारा उपदेशक, आला तर एक दिवस, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. साधा वाटसरू असेल तर जमेल ती मदत करावी, पण मुक्काम दोन दिवस, लागलेच तर तीन. त्याला इथेच राहायचं असेल आणि हातात कसब असेल तर त्याने काम करावं आणि खावं. कसब नसेल तर आपल्या समजुतीप्रमाणे त्याची सोय लावावी, म्हणजे कुणी ख्रिस्ती माणूस तुमच्यात रिकामा बसून राहणार नाही. हे त्याला मान्य नसेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा आहे. अशांपासून जपून राहा.