मूग, जिलेटीन कागद आणि पाच खोकी

रंगीत उजेडात रोपं वाढवण्याचा प्रयोग मी आठवी-नववीला दिवाळीनंतरच घेतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत बंद खोक्यातल्या रोपांना बुरशी धरते, देठ बुडाशी कुजतात आणि रंगाचा परिणाम दिसायच्या आत रोपं आडवी होतात.

रिकामी खोकी चप्पल लाइनीत मिळतात, मूग लक्ष्मीपुरीत. कोरड्या मुगाचे दहा-दहा दाणे तोलून वजन लिहायचं, मग रात्रभर भिजवून कागदी कपात पेरायचे. कपात धुतलेली वाळू भरावी. मातीतून मुळं स्वच्छ निघत नाहीत. खोकी उभी ठेवून वरच्या टोकाला खिडकी कापायची. तिच्यावर दोन पदरी जिलेटीन कागद: लाल, निळा, हिरवा आणि बिनरंगी. पाचवं खोकं पूर्ण अंधाराचं. कागदातून आलेला उजेड आधी जुन्या सीडीवर पाडून बघा. निळ्या कागदातून बऱ्याचदा लाल पट्टाही दिसतो. तसला कागद चालत नाही.

खरी अडचण उजेड सारखा करण्याची. रंग बदलला की उजेडाचं प्रमाणही बदलतं, मग फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अॅप इथे फसवतं, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला धरून आहे आणि डोळ्याला हिरवा जास्त दिसतो. त्याऐवजी छोटा सोलर सेल कपाच्या जागी ठेवून मल्टीमीटरवर मिलिअँपिअर वाचावेत. प्रत्येक खिडकीवर 9 वॅटचा पांढरा एलईडी टांगून, चारही खोक्यांत आकडा सारखा येईपर्यंत दिवे वर-खाली करायचे. उन्हात ही युक्ती चालत नाही; जिलेटीनमधून अवरक्त किरण आरपार जातात आणि सेल तेही मोजतो. दिवे रोज 12 तास.

पहिला आठवडा रोपं डाळिंब्यांतल्या (दाण्याच्या दोन दलांतल्या) साठ्यावर जगतात, तेव्हा निष्कर्षाची घाई नको. पुढे निळ्यातली बुटकी आणि गर्द दिसतात, अंधारातली सगळ्यांत उंच. मुलं पट्टी लावून उंचीलाच वाढ म्हणतात. म्हणून दोन आठवड्यांनी रोपं मुळांसकट धुऊन, उन्हात कडक वाळवून दहाही एकत्र तोलायची. काटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा. एकटं रोप त्यावर नीट कळत नाही. वजन दोनदा सारखं आलं की रोपं वाळली समजायची.

अंधारातल्या उंच रोपांचं वजन मूळ दाण्यांपेक्षाही कमी भरतं: साठा श्वसनात खर्च झाला, नवीन काही तयार झालं नाही. हिरव्यातली मात्र त्यांच्यापेक्षा जड निघतात. हिरवा प्रकाश फारसा शोषला जात नाही असं दाखवणारा पुस्तकातला आलेख पानातून काढलेल्या हरितद्रव्याच्या द्रावणाचा असतो; अख्खं पान हिरव्या प्रकाशाचाही बराचसा भाग शोषतं. तुलनेसाठी दहा न पेरलेले दाणेही सोबत वाळवावेत, कारण कोरड्या दिसणाऱ्या मुगातही साधारण दहा टक्के पाणी असतं.