कबरीचा डावा कान

गेले तीन आठवडे रोज रात्री साडेदहाला मी ब्लॉकखाली सायकलींच्या मागे उकिडवी बसत होते. गुरुवारी कबरी मांजर पिंजऱ्यात आली.

आमच्या ब्लॉकखाली सात मांजरं आहेत. सहांच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. सिंगापूरला आले त्या वर्षी ते पाहून मला वाटलं होतं, कुणीतरी क्रूरपणा केलाय, आणि मी शेजारच्या आंटींना तावातावाने विचारलंही होतं. नसबंदी झाल्याची ती खूण, भूल असतानाच करतात. दुरून दिसते, म्हणून त्याच मांजराला पुन्हा पकडून पुन्हा घाबरवायची वेळ येत नाही. आखूड, मुडपलेल्या शेपट्या मात्र इथे अनेक मांजरांना जन्मतःच असतात.

कबरीचे दोन्ही कान शाबूत होते. तिची पिल्लं नुकतीच दूध सुटून वेगळी झालेली, म्हणजे ती कधीही पुन्हा माजावर येणार. गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचं, आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. म्हणून आंटी म्हणत होत्या, सहा झाली म्हणजे काही झालं नाही, सातवी हवी.

पकडायची म्हणजे आधी सगळ्यांचंच संध्याकाळचं खाणं बंद. तारा पायाला लागू नयेत म्हणून पिंजऱ्यात वर्तमानपत्र अंथरायचं आणि सार्डिन अगदी मागे ठेवायचं, म्हणजे तिला दार पाडणाऱ्या पट्टीवर पाय द्यावाच लागतो. दार पडलं की त्याच क्षणी वर चादर. अंधार झाला की ती धडका मारायची थांबते. पहिल्यांदा माझ्याकडून चादर टाकायला उशीर झाला होता आणि एका बोक्याने नाक रक्तबंबाळ करून घेतलं. तो मला अजून दिसतो. आता चादर हातातच धरून बसते.

सगळ्यात खटकलं होतं ते त्यांना परत तिथेच सोडणं. एवढे कष्ट घेऊन पकडलं, ऑपरेशन केलं आणि पुन्हा उघड्यावर? मी आंटींशी त्यावरून भांडले आहे. पण माणसाचा हात कधी न लागलेलं मोठं मांजर बंद खोलीत कपाटामागे दडून बसतं, खाणं सोडतं. लहानपणीच माणसाळलेल्या पिल्लाला मात्र घर मिळू शकतं, ती जागा त्याच्यासाठी राखायची. शिवाय ब्लॉकखालची मांजरं उचलली, तर पलीकडची नवी येतात आणि सगळं पहिल्यापासून. हे पटायला मला वर्ष लागलं.

घर मिळणंही इथे सोपं नव्हतं. तीन चतुर्थांशाहून जास्त वस्ती एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये, आणि तिथे १९८९ पासून मांजर पाळायला बंदी. लोक पाळायचेच, लपूनछपून. १ सप्टेंबर २०२४ पासून एका फ्लॅटमध्ये दोन मांजरांना परवानगी मिळाली, परवाना आणि मायक्रोचिप सक्तीची. आंटींनी खिडक्यांना जाळी लावून घेतली आणि त्यांची पांढरी मांजर पहिल्यांदाच उघड्या पडद्यापाशी बसलेली खालून दिसली. मला भरून आलं.

आपल्याकडे मांजराला असं लपावं लागलं नाही, हे मी इथे अभिमानाने सांगते. आजीच्या चुलीपाशी कुणाचंही मांजर झोपायचं. पण त्याच घरात दरवर्षी पिल्लं झाली की ती पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून यायचो. पोत्याचं तोंड मी धरायचे. तिथे त्यांना खायला मिळतं, असं आजी सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. नसबंदी हा शब्द आम्ही मांजरासाठी कधी ऐकलाच नव्हता. आमच्या घरात मांजरांवर माया कमी होती, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

शनिवारी कबरीला सोडलं. ती सायकलींमागे पळाली, आंटींनी वाडगा ठेवला, फरशी पुसली आणि आम्ही लांब जाऊन उभ्या राहिलो. वीस मिनिटांनी ती आली.

रात्री आईला फोन केला. जिन्याखालच्या मांजरीला डॉक्टरकडे ने, पैसे मी पाठवते म्हटलं. "ती हाताला लागत नाही गं, पकडणार कोण?"

डिसेंबरमध्ये मी जातेय. आंटींकडे घडीचा पिंजरा आहे, तो माझ्या मोठ्या बॅगेत बसतो.